चाल ओळखीची, नाटक नवे

संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके ज्यांनी हाताळली असतील, त्यांना एक गोष्ट नक्की आठवेल. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ असायची : 'चाल : अमुक अमुक'. त्या अमुकच्या जागी कधी एखादी लावणी असे, कधी कीर्तनातले पद, कधी एखादे कानडी गाणे, तर कधी नुसतेच 'साकी' किंवा 'दिंडी'. नाटककार वाचकाला उघड सांगत असे की बाबा रे, शब्द माझे आहेत, सूर मात्र तुझ्या ओळखीचा आहे. तू लगेच गुणगुणू शकशील. त्यात लपवाछपवी नव्हती आणि कमीपणाही नव्हता.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले अंक रंगभूमीवर आणले, ते याच भांडवलावर. पुढे 'सौभद्र' आले, तेही तसेच. बेळगावकडच्या या माणसाच्या कानात मराठी आणि कानडी अशा दोन्ही मुलखांतले सूर होते, आणि श्रोत्याला आधीपासून काय पाठ आहे याचा त्यांना नेमका अंदाज होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या 'वीरतनय'मध्ये पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चाली उचलल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १९१६ साली, 'स्वयंवर'च्या पदांसाठी भास्करबुवा बखल्यांनी ख्याल गायकीतल्या बंदिशींचे दालन उघडले. म्हणजे ज्याला आपण आज मोठ्या अभिमानाने 'आपले नाट्यसंगीत' म्हणतो, त्याच्या तीन पिढ्या बऱ्याच अंशी उसनवारीवर वाढल्या. ही उसनवारी फेडली कशी गेली, हाच खरा प्रश्न आहे. पण त्याआधी थोडे विलायतेत जाऊन यावे लागेल.

परक्या गाजलेल्या गाण्यांभोवती नवे कथानक गुंफलेल्या नाटकाला तिकडे 'ज्यूकबॉक्स म्युझिकल' म्हणतात. मुंबईच्या काही इराणी हॉटेलांत पूर्वी नाणे टाकले की आवडीचे गाणे वाजवणारे जे यंत्र असे, तो हा ज्यूकबॉक्स. नाव अर्थातच थोडे चेष्टेचे आहे. नाणे टाका, गाणे ऐका, नाटकाचे काय ते नंतर बघू. १९९९ च्या एप्रिलमध्ये लंडनला 'मम्मा मिया' हे नाटक आले. 'ॲबा' या स्वीडिश चमूची गाणी, आणि त्यांच्याशी काही संबंध नसलेली एका आई-मुलीची गोष्ट. ते धो धो चालले, आणि मग अशा नाटकांची रांगच लागली. त्या रांगेतले आपल्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय नाटक म्हणजे 'वुई विल रॉक यू'. लक्षणीय अशासाठी की त्याची पाळेमुळे साताऱ्याच्या डोंगरात आहेत.

'क्वीन' या रॉक चमूचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बुलसारा. १९४६ साली झांजिबारला एका पारशी घरात जन्मलेला हा मुलगा शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात होता. पियानोचे धडे त्याने तिथेच गिरवले. १९५८ च्या सुमारास चार सवंगड्यांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला आणि शाळेच्या कार्यक्रमांत तो वाजवू लागला. वाजवत काय होता? त्या काळी गाजत असलेली परक्यांची रॉक अँड रोल गाणी. ज्याच्या गाण्यांवर पुढे जगभर नाटक चालायचे, त्याची स्वतःची सुरुवात अशी ओळखीच्या चालींवरच झाली. (पाचगणी आम्हा मुरुडकरांना तशी परकी नाही. धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी मुरुडहून निघून घाट चढून साताऱ्याला पायी गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून तिथून परत पाठवले गेले, ही हकीकत आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते.)

फ्रेडी १९९१ च्या नोव्हेंबरात वारला. काही वर्षांनी त्याच्या चमूतल्या ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याशी नाटकाची बोलणी सुरू झाली. हॉलिवूडचा नट रॉबर्ट डी नीरो याची कंपनी त्यात निर्माती म्हणून होती. फ्रेडीच्या आयुष्यावरच नाटक करावे असा पहिला विचार होता. तो मागे पडला आणि, माझ्या मते, बरेच झाले. मेलेल्या मित्राचे सोंग काढून टाळ्या घेण्यापेक्षा त्याची गाणी जिवंत ठेवणे हे अधिक सभ्यपणाचे. लेखनाचे काम बेन एल्टन या विनोदी लेखकाकडे आले. त्याने गोष्ट रचली ती भविष्यकाळातली. पृथ्वीवर एकाच कंपनीचे राज्य आहे, सगळी माणसे यंत्राने बनवलेले एकच संगीत ऐकतात आणि खरी वाद्ये बाळगायला बंदी आहे. काही बंडखोर पोरे जुनी गाणी अर्धवट आठवत, त्यांचे शब्द चुकीचे उच्चारत, कुठेतरी दडवून ठेवलेली गिटार शोधत फिरतात. नायक-नायिकेची नावे गॅलिलिओ आणि स्कारामूश. दोन्ही क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्यातून घेतलेली.

१४ मे २००२ रोजी लंडनच्या डोमिनियन थिएटरात पहिला प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी समीक्षकांनी त्याची सालटी काढली. कथानक बालिश, विनोद शिळे, एकूण सगळा पोरखेळ, असा बहुतेकांचा सूर होता. कथानकाबद्दल त्यांचे फारसे चुकलेही नसावे. पण प्रेक्षकांनी ते मनावर घेतले नाही. थिएटरच्या दारावर फ्रेडीचा भलामोठा पुतळा वर्षानुवर्षे हात उंचावून उभा राहिला आणि ३१ मे २०१४ रोजी पडदा पडला तेव्हा साडेचार हजारांवर प्रयोग झालेले होते. बारा वर्षे! एवढी वर्षे माणसे केवळ आठवणींसाठी येत नाहीत. रंगमंचावर रोज वादक समक्ष वाजवत होते, आणि नाटक सांगत होते तेही नेमके हेच, की हाताने वाजवलेले वाद्य माणसाकडून काढून घेऊ नका. गाणी जुनीच, पण ती त्या गोष्टीत म्हणताना त्यांना नवे काम मिळाले होते. उसनवारी फेडण्याची ही एक रीत झाली.

हा प्रकार विलायतेतही नवा नाही. १७२८ साली जॉन गे याने लंडनमध्ये 'बेगर्स ऑपेरा' आणला. त्यात एकोणसत्तर गाणी होती आणि बहुतेकांच्या चाली रस्त्यावर, गुत्त्यात लोकांच्या तोंडी असलेल्या. एक तर थेट त्या काळच्या हँडेल या बड्या संगीतकाराच्या ऑपेरातून उचललेली. दरोडेखोर, भिकाऱ्यांचा मुकादम आणि लाचखाऊ तुरुंगाधिकारी अशी पात्रे घेऊन गेने राज्यकर्त्यांचे वाभाडे काढले. चाल ओळखीची असल्याने टोमणा घरोघर पोचला. सरकार इतके झोंबले की त्याच्या पुढच्या नाटकाला बंदी झाली. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये ब्रेख्टने त्याच नाटकावरून 'थ्री पेनी ऑपेरा' लिहिला. संगीतकार कुर्ट वाइलने जुन्या चाली जवळजवळ सगळ्या बाजूला ठेवल्या आणि आपल्या काळातल्या जाझ-कॅबरेच्या ढंगाने नव्या बांधल्या.

तिथून ते नाटक पन्नास वर्षांनी आपल्याकडे आले. १९७८ साली पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे 'तीन पैशाचा तमाशा' केले, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. संगीताची जबाबदारी भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे यांच्यात वाटलेली. नंदू हा आत्माराम आणि आशा भेंडे या नाटकवाल्या दांपत्याचा मुलगा, पण रमला तो रॉक संगीतात. १९७४ साली अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने ज्यूडास केला होता. 'तमाशा'त तो अंकुश झाला. या नाटकात लावणीही होती, नाट्यपदाचा थाटही होता, आणि अंकुशच्या तोंडी पाश्चात्त्य पॉप-रॉकच्या ढंगाची मराठी गाणी होती. माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे यांच्यासारखी गळ्यात सूर असलेली मंडळी त्यात होती. चाली नव्या होत्या, पण त्यांची घराणी प्रेक्षकांच्या कानांना माहीत होती, आणि कोणते पात्र कोणत्या घराण्यात गाते यावरूनच ते कुठल्या थरातले हे कळत होते. नंदू भेंडे २०१४ च्या एप्रिलमध्ये गेला. मराठी रंगभूमीवर रॉक इतक्या सहजपणे पुन्हा रुजला नाही, याची हळहळ वाटते.

आता आमच्या अंगणात येऊ. दापोली-मुरुड पट्ट्यात गणपतीत जाखडी असते. गायक-वादक मध्ये आणि पायांत चाळ बांधून नाचणारे भोवती फेर धरून; शक्तीवाले एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या. पुराणातले सवाल टाकायचे, जवाब मागायचे. शाहीर दरवर्षी नवी गाणी बांधतो, आणि त्यांतली पुष्कळशी सरळ चालू सिनेमाच्या चालीवर असतात. शिकली-सवरलेली मंडळी यावर नाक मुरडतात. 'कोकणची कला सिनेमाने नासवली' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचीही चाल पाठ झाली आहे. पण हीच मंडळी लंडनला मुलाकडे गेली की महागडे तिकीट काढून 'मम्मा मिया' बघून येतात आणि कौतुकाने सांगतात. आमच्या वाडीतल्या शाहिराने काय वेगळे केले? मुंबईहून दहा दिवसांसाठी आलेला चाकरमानी आणि गावी राहिलेला त्याचा काका यांच्या कानांत जे समान आहे, ते त्याने घेतले आणि त्यावर कंसाचा किंवा कर्णाचा प्रश्न चढवला. किर्लोस्करांचेच गणित आहे हे.

तेव्हा चाल घेतली म्हणून मी त्याच्याशी भांडणार नाही. भांडण दुसरे आहे. जाखडीच्या आणि नमनाच्या स्वतःच्या जुन्या चाली आहेत. त्या कुठे लिहिलेल्या नाहीत. म्हाताऱ्या गळ्यांत आहेत. बारी जिंकायची म्हणून सगळीच गाणी सिनेमाच्या चालीवर बांधली, तर त्या गळ्यांबरोबर चालीही जातील. किर्लोस्करांनी घेतलेल्या लावण्या निदान पदाच्या डोक्यावर नावाने उरल्या. इथे तेही नाही. ज्याची चाल घेतली त्या संगीतकाराचे नाव कोणी घेत नाही, आणि ज्याने शब्द बांधले त्या शाहिराचेही पुढच्या गावात कोणी घेत नाही. भ्रमणध्वनीवर चित्रफीत फिरते, गाणे फिरते. नाव मात्र गळून पडते. स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा आहे, २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा वाटाही पक्का झाला. पण तो वाटा वाडीतल्या शाहिरापर्यंत यायचा म्हणजे आधी गाणे कोणाचे ते कुणीतरी लिहून ठेवायला हवे.

दुसरी गोष्ट वाद्यांची. मृदंग आणि ढोलकीच्या शेजारी कॅसिओ आला, ऑक्टोपॅड आला. यालाही हरकत नाही. पायपेटी हे वाद्यही एके काळी विलायतेहूनच आले होते. पण ऑक्टोपॅडवर ढोलकीचा आवाज निघतो म्हटल्यावर ढोलकीवाल्याला बोलावणे बंद होते, तिथे मात्र थांबून विचार करावा. लंडनकरांना जे नाटकात काल्पनिक भविष्य म्हणून दाखवले, ते आपल्याकडे बिदागीच्या चार पैशांच्या बचतीसाठी खरे होऊ नये.

येत्या गणपतीत मंडळांनी एवढे करून पाहावे. गाणे सुरू करण्याआधी शाहिराने 'चाल अमक्या सिनेमाची, शब्द अमक्याचे' असे माइकवरून सांगावे. अर्धे मिनिट लागेल. आणि प्रत्येक बारीत एक तरी गाणे असे असावे की ज्याची चाल विचारायला गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या ओटीवर जावे लागेल. तो आधी आढेवेढे घेईल, घसा बसला आहे म्हणेल. चहा होईपर्यंत वाट पाहावी.