भंगारातली पोथी

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घरोघरचे माळे आपले पोट मोकळे करतात. फुटका कंदील, दांडा नसलेली छत्री आणि एखादा गंजका पत्र्याचा डबा! बाकीच्या वस्तूंचा निकाल गृहलक्ष्मीने लावावा. त्या डब्यापुरती मात्र माझी एक विनंती आहे. भंगारवाल्याच्या तागडीत टाकण्यापूर्वी तो जरा वाचून पाहा.

डबा वाचायचा? हो, वाचायचाच! मी मराठी शिकविणारा मास्तर. पोथ्यांच्या पाठभेदांवर पोट भरतो आणि फावल्या वेळी दोन महायुद्धांतले सैनिकी शिध्याचे डबे जमवितो. घरी या छंदाला ‘पसारा’ एवढेच नाव आहे. पण माझ्या लेखी दोन्ही उद्योग एकच. पोथीचा काळ ठरविताना आपण विकणाऱ्याचे ऐकत नाही; कागद, शाई आणि अक्षराचे वळण पाहतो. डब्याचेही तसेच. वरचा कागद बहुधा गळालेला असतो, रंग उडालेला असतो. उरतो तो पत्रा आणि त्याचे सांधे.

म्हणून आरंभ सांध्यापासून करावा. एकोणिसाव्या शतकातल्या डब्याच्या माथ्यावर एक गोल भोक ठेवीत. त्यातून अन्न भरायचे, भोकावर चकती डाखायची आणि चकतीतले बारीक छिद्र वाफ निघून गेल्यावर डाखाच्या थेंबाने बुजवायचे. तो थेंब बोटाला लागला की डबा जुन्या घराण्यातला समजावा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाकणाची आणि अंगाची कड एकमेकींत दुमडून दाबण्याची रीत आली. दोन्ही रीती काही काळ शेजारी नांदल्या. तेव्हा एका खुणेवर निवाडा देऊ नये.

मग आकार पाहावा. एका टोकाला निमुळता होत गेलेला चौकोनी डबा म्हणजे खारवलेल्या गोमांसाचा. त्याचे पेटंट शिकागोचे, १८७५ सालचे. निमुळतेपणाचे कारण अगदी साधे : रुंद बाजू उघडली की मांसाचा ठोकळा सबंध बाहेर सरकतो. ब्रिटिश शिपाई त्याला ‘बुली’ म्हणत. हा शब्द उकडलेल्या अर्थाच्या फ्रेंच ‘बुई’वरून आला असे सांगतात. पहिल्या महायुद्धात हा माल उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस गावाहून येई. त्याचा सोबती मॅकॉनकीचा डबा. आत सलगम, गाजर, बटाटा आणि मांस यांचा पातळ रस्सा. गरम असता खाववे, गार असता जिवावर येई, अशी त्याची ख्याती.

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन ‘सी रेशन’चा डबा गोल, बारा औंसांचा. ब्रिटिशांचा आणीबाणीचा डबा चपटा, आत चॉकलेट. आणि वर ताकीद, की दुसरा कोणताही शिधा मिळत नसेल तरच खावे, आणि अधिकाऱ्याच्या हुकमावाचून उघडू नये. भूक लागली तरी हुकमाने लागावी, असा तो मामला!

प्रक्षेप ओळखणेही आलेच. सिनेमासाठी आणि हौशी मंडळींसाठी नकली डबे बनतात. ओढून उघडण्याची कडी दिसली तर डबा महायुद्धातला नव्हे, ती १९६०नंतरची. अमेरिकन पत्त्यात झिप क्रमांक असेल तर तो १९६३नंतरचा. ब्रिटिश डब्यावर वजन औंसांऐवजी ग्रॅमांत असेल तर नमस्कार करून पुढे जावे. आणि भरलेला डबा फुगलेला दिसला तर उघडण्याचा मोह मुळीच धरू नये. आतले जंतू महायुद्धाहून कमी घातक नसतात.

आता मुख्य मुद्दा. मराठी घरात असे डबे क्वचितच सापडतात, कारण आपल्या शिपायांचा शिधा कणीक, डाळ, तूप, गूळ असा होता. कूटच्या वेढ्यात, १९१५-१६ साली, सहावी पुणे डिव्हिजन अडकली. तीत १०३ व ११० या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले, घोड्याचे मांस पुढे आले, तरी बहुतेक हिंदी शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले. अशांच्या घरी बुलीचा डबा कुठून येणार?

येऊ शकतो तो एक पितळी डबा. १९१४च्या नाताळात राजकन्या मेरी हिच्या निधीतून सैनिकांना भेट गेली. झाकणावर तिचा मुखवटा, दोन्ही अंगांना ‘एम’ अक्षर. हा डबा शिध्याचा नव्हे, भेटीचा. ब्रिटिश शिपायाला तंबाखू, सिगारेटी, पाइप. शिखाला तंबाखू वर्ज्य म्हणून खडीसाखर आणि मसाल्याची डबी. गुरखे सोडून इतर हिंदी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. त्या वर्षी खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या फ्रान्समध्ये लढत होत्या आणि पुणे डिव्हिजन बसऱ्याकडे होती.

पण गोम अशी, की पितळी डबा सर्वांना सारखाच! भेद होता तो आत, आणि आतले तर केव्हाच खाऊन संपले. डबा बाजारात गेला की तो डोर्सेटच्या गोऱ्याचा होता की साताऱ्याच्या मराठ्याचा, हे कोणताही सांधा सांगू शकत नाही. पोथीच्या शेवटी पुष्पिका असते. लेखकाचे नाव, शक, गाव. डब्याला पुष्पिका नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी असते, आणि त्या माणसाबरोबर जाते.

तेव्हा माळ्यावर असा डबा निघाला तर चिंच लावून लखलखीत करू नका. कोरड्या फडक्याने धूळ पुसा. मग तो आजीच्या हाती द्या आणि विचारा, हा कुणी आणला, कुठून आणला? ती सांगेल ते नाव, गाव आणि पलटण एका चिठ्ठीवर लिहा, खाली तारीख घाला आणि चिठ्ठी डब्यात ठेवून द्या. एवढे झाल्यावर डबा विकायचा की ठेवायचा, ते गृहलक्ष्मीने खुशाल ठरवावे.