दगडाचे ब्रास मोजता, माणसं कोण मोजणार?



पोळ्याच्या आधी येलदरीला आपली बैठक झाली. विषय जमिनीचा होता. २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून वनजमीन कसतो याचा पुरावा आणा म्हणतात, म्हणून जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्या कोणाकडं आहेत, कोणाकडं नाहीत, याची आम्ही यादी करत होतो. एका घराचं नाव पुकारलं. त्या घरची बाई उठली आणि म्हणाली, "पावती हाय भाऊ. पण पावतीवाला आता उभा राहत नाही."

मागच्या वर्षी, २००० च्या उन्हाळ्यात, तिचा नवरा खदानीवर होता. खालून पोखरलेला कडा वरून ढासळला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, "झाडावरून पडला." तसं सांगितलं ठेकेदाराच्या माणसानं, आणि मान हलवली आपल्याच माणसांनी. कारण सगळ्यांच्या अंगावर उचल होती. ठेकेदाराचं आणि गावाचं नाव आम्ही इथं छापत नाही. ते घर अजून त्याच उचलीत अडकलेलं आहे.

बैठकीत आम्ही विचारलं, त्या दिवशी खाली किती जण होते? कोणी म्हणालं नऊ, कोणी म्हणालं अकरा. ही गोष्ट लहान नाही. कडा पडल्यावर एक पोरगा दिसंना, म्हणून सगळे मुरूम उपसायला लागले. ट्रॅक्टरवालाही उतरला. दोन तास उपसलं. मग कळलं की तो पोरगा दुपारीच घरी गेला होता. आणि ते दोन तास कंबर मोडलेला माणूस ट्रॅक्टरच्या सावलीत पडून होता. नंतर चौघांनी त्याला हातापायाला धरून ट्रॉलीत टाकलं. कंबर मोडलेल्याला असं उचलायचं नसतं. अंग सरळ ठेवून फळीवर घ्यायचं असतं. पण हे तिथं कोणाला शिकवलं होतं? आणि फळी तरी कुठं होती?

तेव्हा आमचं म्हणणं असं आहे. खदानीतून किती ब्रास दगड गेला हे सरकार मोजतं, कारण त्यावर रॉयल्टी मिळते. महसूल खातं पावती फाडतं, विनापरवाना काढला तर १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या ४८ व्या कलमाखाली दंड करतं. पण त्या दगडाखाली किती माणसं काम करतात, हे लिहिणारं कोणी नाही. आणि ज्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही, तो मेला तरी खदानीत मेला असं ठरत नाही. तो झाडावरून पडतो, नाहीतर गाडीखाली येतो.

ठेकेदार म्हणतो, "खाण कसली? हे तं नुसतं खदान हाय. खाण म्हंजे कोळशाची." इथंच आपल्याला फसवलं जातं. १९५२ चा खाण कायदा कोळशापुरता नाही. जमीन खोदून खनिज काढायची जागा म्हणजे खाण, मग ती उघडी असली तरी. इमारतीचा दगड, रस्त्याची खडी, मुरूम यांच्या लहान खदानींना त्या कायद्यातून बरीच सूट आहे, हे खरं. पण ती सूट कधी मिळते ते नीट ऐका. उघड्या खदानीत तीन गोष्टी एकदम पाहिजेत. खोली कुठंही सहा मीटरच्या वर नसावी, म्हणजे वीस फूट, विहिरीच्या मापानं तीन परसाला थोडं जास्त. एका दिवसाला पन्नासच्या वर माणूस नसावा. आणि सुरुंगाची दारू वापरलेली नसावी. यातली एक गोष्ट जरी मोडली तरी सूट संपली.

आता आपापल्या गावाजवळची खदान डोळ्यापुढं आणा. बार उडतो का? जिलेटीनच्या कांड्या येतात का? मग ती खाण आहे आणि पूर्ण कायदा तिला लागू आहे. आणि सूट असलेल्या लहान खदानीतसुद्धा अठरा वर्षांच्या आतलं पोरगं कामाला ठेवता येत नाही. त्या कलमाला सूटच नाही.

पूर्ण कायदा लागू म्हणजे काय? काम सुरू करायच्या एक महिना आधी मालकानं खाण सुरक्षेच्या खात्याला कळवायचं. कामावरच्या प्रत्येक माणसाचं नाव रजिस्टरला लिहायचं. कोणी मेलं किंवा मोठी इजा झाली तर लगेच नोटीस धाडायची, आणि त्या नोटिशीची एक प्रत खाणीवरच्या फळ्यावर चौदा दिवस लावायची. माणूस मेला असेल तर नोटीस पोचल्यापासून दोन महिन्यांत त्या खात्यानं चौकशी करायची. १९६१ च्या नियमांत लिहिलंय की कडा खालून पोखरायचा नाही, आणि टणक दगडात एका पायरीची उंची सहा मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. बार लावणाऱ्याकडं त्याचा दाखला पाहिजे. बार उडवताना ३०० मीटरच्या आतली सगळी माणसं आडोशाला गेलेली पाहिजेत. १९६६ च्या नियमांप्रमाणं नव्या माणसाला आधी काम शिकवायचं, मग कामाला लावायचं. प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरायला शिकलेला माणूस जागेवर पाहिजे.

हे वाचून काही जण हसतील. आपल्याकडं शिकवणं म्हणजे मुकादम म्हणतो, "वर बघत जा बे." एवढंच.

मग ठेकेदार जबाबदार का मालक, असं विचारलं की दोघं एकमेकाकडं बोट दाखवतात. मालक म्हणतो खदान मी ठेक्यानं दिली. ठेकेदार म्हणतो माणसं मुकादमाची. कायद्यात याचंही उत्तर आहे. खाण चालवणारा ठेकेदार हा मालकासारखाच धरायचा, आणि म्हणून मूळ मालक सुटत नाही. दोघंही बांधलेले. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदाही तेच सांगतो. ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तरी ज्याचं काम चालू आहे त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. त्यानं ती पुढं ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा हिशोब.

आता कोणी म्हणेल, मोठ्या खाणीत हे सगळं असून तरी माणसं मरतातच की. मरतात. वेस्टर्न कोलफील्ड्स ही नागपूरची सरकारी कोळसा कंपनी. तिच्या कावडीच्या उघड्या खाणीत गेल्या वर्षी २४ जूनला कडा ढासळून १० माणसं गेली. यंदा २ फेब्रुवारीला झारखंडमधल्या बागडिगी खाणीत पाणी घुसून २९ जण गेले. बागडिगी धनबादच्या मुलखात आहे, आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालयही धनबादलाच आहे. तेव्हा कायदा पुस्तकात असला म्हणजे माणूस वाचतो, असं आम्ही म्हणत नाही. पण ते १० आणि ते २९ हा आकडा तरी देशाला कळला. त्यांच्या घरच्यांना जाब विचारायला जागा आहे. आपल्या खदानीतल्या माणसाचा तर आकडाच नाही.

आणि मोजलेला माणूस वाचतो कसा, तेही सांगतो. बंगालमध्ये राणीगंजजवळ महाबीर नावाची कोळशाची खाण आहे. १९८९ च्या नोव्हेंबरात तिच्यात पाणी घुसलं. ७१ माणसं आत अडकली, त्यातली ६ मेली. बाकीच्यांसाठी वरून जमिनीला भोक पाडलं, त्यातून माणूस मावेल असा पोलादी पिंजरा सोडला आणि एकेक करून ६५ जणांना वर काढलं. जसवंतसिंग गिल नावाचे अधिकारी स्वतः आत उतरले होते. हे जमलं, कारण आत माणसं आहेत आणि किती आहेत हे वरच्यांना ठाऊक होतं, आणि कुठं भोक पाडायचं ते नकाशावरून कळत होतं. जमिनीखालच्या खाणींना बचाव पथक आणि त्याचं शिक्षण पाहिजे असे १९८५ चे वेगळे नियम आहेत. उघड्या दगडखदानीला तसलं पथक नाही. म्हणून आपल्याकडं तर बाजूला काम करणारा माणूस हाच बचाव पथक. त्याला काही शिकवलेलं नसलं, तर तो जीव तोडून उपसतो, आणि तेवढ्यात दुसरा माणूस सावलीत पडून अपंग होतो.

आता अवघड प्रश्न. बैठकीत एका आजोबांनी तो विचारला. "पोरांनो, तुमी अर्ज करताल. साहेब येईल, खदान बंद करंल. मंग आमी खायाचं काय?" यावर आम्ही गप्प बसलो, कारण ते खरं बोलत होते. धोक्याचं काम बंद करायचा अधिकार खाण निरीक्षकाला आहे. तो वापरला तर पहिली भाकर आपली जाते, ठेकेदाराची नाही.

पण आपण खदानीवर का जातो, हेही त्याच आजोबांनी पुढं सांगितलं. येलदरीचं धरण १९६८ ला पुरं झालं, पूर्णेकाठची चांगली जमीन पाण्यात गेली. वरची जमीन जंगल खात्याची म्हणतात, नांगर धरला की दंड. सातबारा नाही म्हणून सोसायटीचं कर्ज नाही. मग दिवाळीनंतर एक तर ऊसतोड, नाहीतर खदान. म्हणजे जमिनीचा लढा वेगळा आणि खदानीचा वेगळा असं नाहीच. ज्याच्या हातात जमिनीचा कागद आहे, तो पोखरलेल्या कड्याखाली जायला नाही म्हणू शकतो. ज्याच्याकडं फक्त दंडाची पावती आहे, तो म्हणू शकत नाही.

म्हणून खदान बंद करा अशी आमची मागणी नाही. कड्याला पायऱ्या पाडा, पोखरणं थांबवा, माणसांची नावं लिहा, ही मागणी आहे. तेवढ्यासाठी काम थांबलं, तर त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून रोजगार हमीवर काम मागायचा अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम नाहीतर भत्ता, हा आपला हक्क आहे. एकट्यानं दिलेला अर्ज टेबलाखाली जातो. तीस जणांचा जात नाही.

आणखी एक. काही कार्यकर्ते सांगतात, १९९६ च्या पेसा कायद्यानं गौण खनिजाचा ठेका देताना ग्रामसभेची शिफारस लागते. बरोबर आहे. पण तो कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता आहे. मराठवाड्यात ते क्षेत्र किनवटकडं आहे. जिंतूर, औंढा, कळमनुरीची आपली आंधांची गावं त्यात नाहीत. ती यावीत म्हणून भांडायचंच. पण तोवर हात बांधून बसायची गरज नाही. खाण कायद्याला अनुसूचित क्षेत्र लागत नाही. तो सगळीकडं लागू आहे.

येत्या दोन महिन्यांत गावागावानं चार कामं करावीत, असं आम्हाला वाटतं.

एक, वही. गावातून कोण, कोणत्या खदानीवर, कोणत्या तारखेला गेलं, रोज किती मिळाला, हे बचत गटाच्या बाईनं किंवा शिकलेल्या पोरानं रोज लिहावं. ठेकेदार रजिस्टर ठेवो न ठेवो, गावाचं रजिस्टर पाहिजे. भरपाईचा हिशोब मजुरी आणि वयावर होतो, म्हणून मजुरी लिहिणं विसरू नका.

दोन, खदानीची पाहणी. खोली किती, बार लागतो का, माणसं किती, अठराच्या आतली किती. हे चार मुद्दे लिहून सह्या-अंगठे घ्या. आम्ही तो कागद धनबादला आणि खात्याच्या नागपूरच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं धाडू, एक प्रत तहसीलदाराला देऊ.

तीन, शिकणं. गावातले दोघं, एक बाई आणि एक गडी, यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रथमोपचार शिकून घ्यावा. रक्त कसं थांबवायचं, मोडलेलं हाड कसं बांधायचं, कंबर मोडलेल्याला फळीवर कसं घ्यायचं. आणि एक फळी खदानीवर न्यावी. ती घरच्या दाराची असली तरी चालेल.

चार, दवाखान्यात खोटं सांगायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण डॉक्टरच्या कागदावर "खदानीत कडा पडून" एवढे तीन शब्द आले, तर पुढचं सगळं भांडता येतं. ते नसले तर वकीलही काही करू शकत नाही.

शेवटी त्या घराबद्दल. नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत येत्या उन्हाळ्यात संपते. कागदावर झाड लिहिलंय. ते झाड खोटं आहे हे सांगायला माणसं लागतील. त्या दिवशी खाली नऊ जण होते का अकरा, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. जे होते त्यांना मात्र ठाऊक आहे. तुमच्यातले तिघं जरी पुढं आले तरी दावा उभा राहतो. उचलीची भीती असेल तर एकट्यानं येऊ नका, संघटनेची माणसं तुमच्या घरी येतील आणि सोबत तालुक्याला चालतील.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी येलदरीला पुन्हा बैठक आहे. जमिनीच्या पावत्या घेऊन या, आणि वहीही घेऊन या. त्या दिवशी खाली होते त्यांनी आपलं नाव आपल्या तोंडानं सांगावं. आम्ही लिहून घेऊ.

जिंदाबाद!