कानशीपासून सुरुवात

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पातून प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १२ लाख रोजगार निर्माण होऊ शकतील, असे सरकार सांगते. बंदराविषयी किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांचे गंभीर आक्षेप आहेत. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. आजचा प्रश्न निराळा आहे. या १२ लाखांत डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचा वारली, कोकणा, धोडिया तरुण कुठे असेल? यंत्रदुरुस्तीच्या कार्यशाळेत, की तिच्या फाटकावर रखवालदार म्हणून?

या प्रश्नाचे उत्तर सीमेपलीकडे आधीच मिळालेले आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला आणि तेथील उद्योगवाढीवर कडक मर्यादा आल्या. चिकूच्या बागा आणि जंगल राखायचे तर ते आवश्यकच होते, असे आमचे मत आहे. पण पोटाला मर्यादा घालता येत नाही. म्हणून येथला तरुण राज्याची सीमा ओलांडून उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातो. तेथे त्याचे पद ठरलेले असते: हेल्पर. माल उचलायचा, बुरादा झाडायचा, सांगितलेली वस्तू आणून द्यायची. दहा वर्षांनीही तो हेल्परच असतो. शेजारच्या लेथवर दूरच्या प्रांतातून आलेला समवयस्क तरुण काम करतो आणि अधिक वेतन घेतो. त्याच्यावर राग धरण्याचे कारण नाही. त्याला कोणीतरी शिकवले आहे, आपल्या मुलाला कोणी शिकवलेले नाही, एवढाच फरक आहे.

शिकवायचे म्हणजे नेमके काय? यंत्रशाळेतले पहिले पाठ अगदी साधे आणि कंटाळवाणे असतात. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीने त्याची एक बाजू सपाट करायची. नवख्याचे हात झुलतात. कडा झिजतात आणि मध्ये फुगवटा राहतो. मग गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा कानस हाती घ्यायची. दिवसचे दिवस हेच. त्यानंतर मोजमाप येते. साधारण व्हर्नियर कॅलिपर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो, मायक्रोमीटर ०.०१पर्यंत. माणसाचा केस त्याहून कितीतरी जाड. या सूक्ष्मतेची सवय डोळ्यांना आणि बोटांना लागली की माणूस बदलतो. ‘चालतंय’ हा शब्द त्याच्या तोंडून जातो. ड्रॉइंग वाचणे, टूलला धार लावणे, धातूनुसार वेग ठरवणे, लेथवर हातमोजे आणि सैल बाही टाळणे, चकमधली चावी काढल्याशिवाय यंत्र सुरू न करणे हे सारे त्यातच येते. शेवटच्या दोन गोष्टी न शिकल्याची किंमत बोटांनी, प्रसंगी जिवाने मोजावी लागते.

आता सारे संगणक करतो, मग कानस कशाला, असे विचारणारे विद्वान भेटतात. सीएनसी यंत्र आज्ञा पाळते; आज्ञा चुकीची असली तर चूकही तितक्याच तत्परतेने करते. टूल बोथट झाले आहे, हे यंत्राच्या बदललेल्या आवाजावरून किंवा निळ्या पडलेल्या किसावरून ओळखणारा कारागीरच तेथे लागतो. थोड्या आठवड्यांचे वर्ग घेऊन हातात प्रमाणपत्र ठेवणाऱ्या योजनांतून असा माणूस तयार होत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटर, टर्नर या शाखांना दोन वर्षे दिली आहेत, ती उगाच नव्हेत.

ही बुद्धी आमच्या वनवासी बांधवांत नाही, असे कोणी म्हणू नये. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळ एवढ्याच सामग्रीतून वारली हात सारे जग उभे करतो. त्या हाताला आराखड्याची रेघ परकी कशी वाटेल? आणि डहाणू तालुक्यातच, चिंचणी-वरोरच्या पट्ट्यात, पोलादावर नक्षी कोरून दागिन्यांचे साचे घडवणाऱ्या डायमेकरांचा व्यवसाय आहे. अशा सूक्ष्म कामाचे गुरू शोधायला आपल्याला परदेशी जावे लागणार नाही.

या भागात १९४५ साली लाल बावट्याखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. त्या लढ्याचे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल. मात्र मोर्चाने हक्क मिळतो, कसब मिळत नाही. पुढे तलासरीला माधवराव काणे यांनी वसतिगृहाच्या रूपाने रचनेचा दुसरा मार्ग दाखवला. चिंतामण वनगा तेथेच वाढले, वकील झाले, खासदार झाले. त्या पिढीला अक्षराची गरज होती. आजच्या मुलाकडे अक्षर आहे, दहावी-बारावीची गुणपत्रिकाही आहे. तरीही तो हेल्पर आहे. म्हणून आता वसतिगृहाच्या आवारात प्रार्थनागृहाइतकेच कामाचे बाकही असले पाहिजे.

यात आपलाही, म्हणजे शहरी मध्यमवर्गाचा, दोष आहे. भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. आपण त्या दिवशी नमस्कार करतो आणि स्वतःचा मुलगा आयटीआयला जातो म्हटले की चेहरा पाडतो. शिकवणे सोडून लोखंडी नांगर बनवायला निघालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, तो आसपासच्या खेडुतांना हाताशी धरूनच. त्यांची चरित्रे आपण मुलांना वाचायला देतो, कानस मात्र देत नाही.

ठाणे, मुंबई, पुण्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कितीतरी टूलरूम कारागीर आणि फोरमन आपल्या शाखांत, आपल्या वाचकांत आहेत. त्यांचे हात अजून स्थिर आहेत आणि संध्याकाळ रिकामी आहे. त्यांनी महिन्यातले दोन शनिवार-रविवार या मुलांना द्यावेत. प्रारंभाला सहा व्हाइस बसवलेले एक भक्कम बाक, कानशी, गुण्या, काही मापनसाधने आणि भंगारातले लोखंड पुरेसे आहे. लेथ नंतर, आणि तोही जुना चालेल; अनेक कारखानदारांकडे असे यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलेले असते. डहाणूपर्यंत २०१३पासून लोकल धावते, पुढे तलासरीला एसटी आहे. मुक्कामाची सोय कार्यकर्त्यांच्या घरी होईल. भाकरी नाचणीची असेल, एवढी तयारी ठेवावी.