नजर न मिळवणारा उमेदवार

स्वमग्न, म्हणजे स्वतःत बुडालेला. ऑटिझमसाठी मराठीत रुळलेला हा शब्द मला दिवसेंदिवस खटकू लागला आहे. बेलापूर स्टेशनात कान घट्ट दाबून उभ्या असलेल्या ऑटिस्टिक मुलावर उद्घोषणा, भोंगे, गर्दीचा कालवा सारं एकदम आदळत असतं. आपले कान जे आपोआप गाळून टाकतात, ते त्याला गाळता येत नाही. आणि आजूबाजूचे म्हणतात, ‘आईबापांनी वळण लावलं नाही.’

मोठेपणीही सुटका नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या; त्यातल्या १ टक्क्यात ऑटिझमबरोबर बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता हे सगळे. पण मुलाखतीत नजर मिळवली नाही, की उमेदवाराला आत्मविश्वास नाही असं ठरतं. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२मध्ये मांडलं, की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधलं हे एकमेकांना न समजणं दुतर्फा असतं. मग शिकण्याची सक्ती एकाच बाजूवर का?

याच बेलापुरात ऐंशीच्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत उभारली. एका अंगणाभोवती सात घरं, पण कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही. ज्याला हवं तसं त्याने आपलं घर वाढवावं. माणसांनाही असंच, एकत्र पण आपापल्या परीने, का राहू देऊ नये?

या अंकातले लेख ऑटिस्टिक व्यक्तींनी स्वतः लिहिले आहेत. काहींनी फोन नको म्हणून कळवलं. आम्ही सगळं लेखीच बोललो.