करारावरची बाग

पतपेढी निघाली की गावात काटकसर वाढते, असं मानणारी भाबडी माणसं मी बँकेच्या काउंटरमागून वीसेक वर्षं पाहत आलो आहे. पतपेढी निघाल्यावर प्रत्यक्षात वाढतात ती कर्जं. लीग निघाली की देशात फुटबॉल वाढतो, असं मानणारी मंडळी याच पठडीतली. २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली तेव्हा ती टाळ्या वाजवत होती, आणि लीगचे हाल झाले तरी अजून त्यांचे हात दुखत नाहीत. लीगने देशात नेमकं काय वाढवलं, याचा हिशेब मांडायला अर्थतज्ज्ञ नको. माझ्यासारखा बी. कॉम. सेकंड क्लास पुरे. (हल्ली आम्हा क्लार्क लोकांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव लांबलं, काउंटरपुढची रांगही लांबली.)

मालवणच्या माणसाने फुटबॉलवर बोलावं का, हा पहिला आक्षेप. आमच्याकडे माणूस जन्माला येतो तो टेनिस बॉल हातात घेऊन. भाताची कापणी आटपली की जो मळा रिकामा होईल त्यावर क्रिकेटची टुर्नामेंट लागते. पण बांद्याची हद्द ओलांडली की चेंडूचा आकार बदलतो. तिथून पुढे चर्चसमोरच्या पटांगणात आणि शेतात, मिळेल त्या सपाटीवर दोन दगड मांडून फुटबॉल चालू. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या घरांची एखादी मावशी नाहीतर आत्या गोव्यात दिलेली असते. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत गेलेल्या पोराला आंबा-फणसाबरोबर फुटबॉलही मिळायचा. एवढा अधिकार मला पुरे आहे. शिवाय वादासाठी अधिकार लागतो, हा नियम कोकणात कधी लागू झालेला नाही.

तर तो गोव्याचा फुटबॉल. आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा २००७ साली सुरू झाली. तिची पहिली सहा विजेतेपदं कुठे गेली? डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, डेम्पो, साळगावकर, डेम्पो, चर्चिल ब्रदर्स. सहाच्या सहा गोव्यात. एवढासा प्रदेश, आमच्या सिंधुदुर्गाहून क्षेत्रफळाने लहान. पण कोलकात्याच्या बड्या क्लबांना सहा वर्षं कप हाताळायलासुद्धा दिला नाही. त्याआधीच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्येही १९९८-९९ साली साळगावकर आणि २००४-०५, २००६-०७ साली डेम्पो अव्वल होते. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक, भारताचा कर्णधार, याच मातीतला. ब्रूनो कुतिन्हो, महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स ही नावं शेजारच्या घरातली वाटावीत अशी, क्लायमॅक्स सोडून. (पोराचं नाव क्लायमॅक्स ठेवणारा बाप थोर. आमच्याकडे अजून दत्ताराम आणि सिताराम यांच्यापुढे गाडी सरकत नाही.)

आता २०१६ साल पाहा. त्या वर्षी डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुबे द गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. कारण महासंघाने नवा आराखडा आणला होता, आणि त्यात सुपर लीग पंक्तीत पाटावर, तर आय-लीग मागल्या पडवीत. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेल्या डेम्पोला सांगण्यात आलं की तुम्ही दुसऱ्या पंगतीला बसा. पहिल्या पंगतीला कोण? ज्यांच्या बारशाचे पेढे अजून संपले नव्हते ते. कोकणी माणूस उपाशी राहील, पण असल्या पंगतीला बसणार नाही. गोव्यातल्या खाणी २०१२ साली बंद पडल्या आणि खाणवाल्यांच्या तिजोऱ्या हलक्या झाल्या, हेही खरं आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण हलकी तिजोरी घेऊनही माणूस घर चालवतो. घरातच त्याला पाहुणा ठरवलं, की मात्र तो चपला शोधतो.

या सगळ्याच्या मुळाशी जो कागद आहे तो आमच्या बाजूच्या कुणालाही एका वाक्यात समजेल. २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले. म्हणजे काय केलं? बाग कराराने दिली.

हापूसची बाग कराराने देणं ही काय चीज आहे, ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. मालक मुंबईला, किंवा म्हातारा, किंवा माझ्यासारखा आळशी. व्यापारी येतो, रोख पैसे मोजतो आणि काही वर्षांसाठी कलमं ताब्यात घेतो. त्याची मुदत ठरलेली, तेव्हा त्याला घाई. मग तो खोडाभोवती चर खणून कल्टार नावाचं औषध ओततो. कल्टार बेताने, शास्त्राने दिलं तर झाड दर वर्षी आणि लवकर मोहरतं. पण करारवाल्याला बेताशी काय कर्तव्य? तो दाबून देतो. नवी पालवी आखडते, फांदी वाढायची थांबते, झाड नुसतं मोहरत सुटतं. पहिली दोन-तीन वर्षं पेट्याच पेट्या! गाव म्हणतो, बघा, मालकाला जमलं नव्हतं ते ह्याने करून दाखवलं. आणि एक गोष्ट करारवाला जन्मात करत नाही, ती म्हणजे नवं कलम लावणं. कलमाला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, तोवर हा कुठे? शेतीकर्जाच्या टेबलावर बसत होतो तेव्हा एका बागायतदाराने मला सगळा व्यवहार चार शब्दांत सांगितला होता: "सायबानू, झाडां माझी, मोहर तेचो."

सुपर लीगने कल्टार कसं ओतलं ते आठवा. १२ ऑक्टोबर २०१४ ला लीग सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली. दहा आठवडे! आंब्याचा हंगामसुद्धा याहून लांब चालतो. दिल्लीला देल पिएरो, मुंबईला अनेल्का आणि युंगबर्ग, पुण्याला ट्रेझेगे, गोव्याला चाळिशीचा पिरेस आणि प्रशिक्षक म्हणून खुद्द झिको. नावं मोठी, यात शंका नाही. पण यांतले बरेच जण बूट खुंटीला टांगण्याच्या बेतात होते किंवा टांगलेले पुन्हा काढून आले होते. आमच्या बँकेत या वयाच्या माणसाला प्रमोशनसुद्धा देत नाहीत. मैदानावर अकरांपैकी सहा परदेशी चालत. नंतर पाच झाले, मग चार. आणि हे परदेशी खेळायचे कुठे? कुणी झालं तरी रोख मोजलेल्या माणसाला डाव्या बॅकला उभा करत नाही. गोल करायला पुढे ठेवतो.

त्याचं फळ आज ताटात आहे. सुनील छेत्री हा लीगच्या कितीतरी आधीचा, मोहन बागान आणि जेसीटीच्या काळात तयार झालेला. तो २०२४ च्या जूनमध्ये निवृत्त झाला. २०२५ च्या मार्चमध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं, कारण गोल करणारा दुसरा सापडेना. अकरा हंगाम लीग चालली आणि एका सेंटर फॉरवर्डचा वारस लागला नाही. निवृत्त हेडक्लार्कला महिनाभराने 'चाव्या कुठे ठेवल्यात' म्हणून घरी माणूस पाठवून विचारावं, तसला प्रकार.

इथे माझा भाचा उसळतो. तो एफसी गोवाचा भक्त. कुडाळहून गाडी पकडून मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जातो, नारिंगी शर्ट घालून. "मामानू, तुमका फुटबॉलातला काय कळता? तुमी ते जुने डेम्पो नि साळगावकर घेवन बसलात. आता खेळाडूंका लाखांनी पैसे गावतत, तां बघा!"

त्याचं म्हणणं मी टाकून देत नाही. खेळाडूंना पैसे मिळाले. मैदानं हिरवी झाली, दूरदर्शनवर सामना माणसाला बघवेल असा दिसू लागला. २०२१ साली एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळला, पहिला भारतीय क्लब. २०२५ च्या ऑक्टोबरात तर सौदी अरेबियाचा अल नासर फातोर्ड्याला आला. रोनाल्डो येणार म्हणून निम्मा गोवा नटून बसला होता. रोनाल्डो आला नाही. (आमच्याकडे उद्घाटनाला मंत्री येत नाही आणि प्रांत नारळ फोडतो, त्याची सवय असल्याने मला धक्का बसला नाही.) सामना गोव्याने १-२ असा गमावला, पण आपला गोल ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच पोराने केला. तेव्हा भाच्याबरोबर मीही ओरडलो, हे इथे नमूद करतो.

भाच्याचा दुसरा हुकमी पत्ता क्रमवारीचा. २०१५ च्या मार्चमध्ये भारत जगात १७३ वा होता, २०१७ च्या जुलैत ९६ वा झाला. लीगमुळेच की नाही? बरं, तसं म्हणू. मग २०२५ च्या नोव्हेंबरात १४२ वा झाला तो कुणामुळे? जमेचं श्रेय लीगला आणि खर्च नशिबाच्या नावावर, असली खतावणी आमच्या इन्स्पेक्शनला चालत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याच फातोर्ड्यावर सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई करंडकाचा रस्ता बंद केला. पुढल्या महिन्यात ढाक्याला बांगलादेशानेही हरवलं. तो प्रसंग २२ वर्षांनी आला होता. भाचा तीन दिवस नीट जेवला नाही. चौथ्या दिवशी बांगडे होते.

जुनं सगळं सोनं होतं असं माझं म्हणणं नाही. मुंबईचा रोव्हर्स कप, १८९१ पासूनचा, लीगच्या कितीतरी आधी, २००१ च्या सुमाराला संपला. महिंद्र युनायटेडने २०१० सालीच दुकान आवरलं. ही पापं लीगच्या खात्यावर टाकता येत नाहीत. पण त्या जुन्या मुंबईच्या फुटबॉलला एक खालची फळी होती: टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक. पोरगा चेंडू बरा मारतो म्हणून त्याला टेबल मिळायचं. तो सकाळी खेळायचा, दुपारी लेजरमध्ये चुका करायचा, पण साठाव्या वर्षापर्यंत घरी पगार न्यायचा. गुडघा गेला तरी नोकरी शाबूत. त्या भरवशावर बाप पोराला मैदानावर सोडायचा. लीगने खेळाडूला कंत्राट दिलं. कंत्राटाचा आकडा मोठा असतो हे मान्य, पण बाप आकड्याच्या आधी मुदत वाचतो.

आणि संघाचीच मुदत ठाऊक नसेल तर? एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२१-२२ ची लीग जिंकली. २०२५ मध्ये तोच हैदराबाद उठून दिल्लीला गेला. दिल्लीचा संघ त्याआधीच, २०१९ मध्ये, भुवनेश्वरला गेलेला. बदल्या आम्ही बँकवाले भोगतो. पण अख्ख्या संघाची बदली होते, आणि तीही प्रेक्षकांना रिलीव्हिंग ऑर्डर न देता, हे मी बँकेतही पाहिलेलं नाही.

बदलीवरूनच आठवलं. माझी तीन वर्षं कोल्हापूरला गेली. करूळचा घाट चढून पलीकडे उतरलं की हे गाव. कुस्तीचं म्हणून प्रसिद्ध, पण वेड फुटबॉलचं. तिथे संघ कंपनीचा नसतो, पेठेचा असतो: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर सामना असला की आमच्या शाखेत दुपारी कॅश मोजायला माणूस उरत नसे. शिव्या, हलगी, हुल्लडबाजी, कधीकधी पोलीसही. सगळं आदर्श होतं असं मुळीच नाही. पण तालीम उद्या नागपूरला गेली, असं तिथे स्वप्नातही कुणाला पडणार नाही. वरच्या गटातून खाली घसरलो तर पेठेत तोंड दाखवता येणार नाही, ही धास्ती प्रत्येकाला. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. सुपर लीगमध्ये अकरा हंगामांत एकही संघ खाली गेला नाही. तळाला राहा, मजेत राहा. असली परीक्षा आमच्या वेळी असती तर मी फर्स्ट क्लासही सोडला नसता.

८ डिसेंबर २०२५ ला कराराची १५ वर्षं भरली. त्याआधी जुलैतच हंगाम लांबणीवर टाकला गेला, आणि काही क्लबांनी पगार थांबवले. महासंघाने नव्याने निविदा मागवल्या. नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा किती निविदा आल्या होत्या? एकही नाही. कल्टार संपलेल्या बागेला नवा व्यापारी मिळेना. डिसेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या मालकांनीही मुंबई सिटीतून पाय काढला. अखेर २०२६ च्या जानेवारीत क्रीडामंत्र्यांना जाहीर करावं लागलं, की १४ फेब्रुवारीपासून १४ संघांची एकेरी फेरीची लीग सुरू होईल. सरकारने बाग शिंपायला घेतली.

आता पुढेमागे नवा करार होणारच. महासंघाला मोठा वकील परवडेल, पण आमच्या बाजूचा शहाणा बागायतदार हल्ली कागदावर तीन कलमं घालून घेतो, ती त्यांनी फुकट वापरावीत. एक, औषध किती घालायचं ते मालक ठरवील. दोन, दर वर्षी अमुक इतकी नवी कलमं करारवाल्याने स्वतःच्या खर्चाने लावायची, आणि ती जगली की नाही हे पुढच्या वर्षी मोजायचं. तीन, गडग्याला लागून जी जुनी रायवळ झाडं आहेत, डेम्पो, साळगावकर, पेठांच्या तालमी वगैरे, त्यांना हात लावायचा नाही; उलट त्यांचं फळ बरं निघालं तर पेटीत वर ठेवायचं. मसुदा मी सुट्टीच्या दिवशी लिहून देईन. स्टँपपेपर पाचशेचा लागेल, तो त्यांनी आणावा.