ग्लव्ह-बॉक्समधलं पिस्तूल आणि ‘कॅरी’चं कूळ

शब्दकोश उघडला की वाद मिटतो, अशी एक भाबडी समजूत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९९८ साली नऊ न्यायमूर्ती शब्दकोश उघडून बसले आणि पाच विरुद्ध चार असे फुटले. शब्द होता ‘कॅरी’. इंग्रजी नुकतं शिकू लागलेलं पोरही ज्याचा अर्थ सांगेल, असा.

मस्करेलो खटला या नावाने हे प्रकरण ओळखलं जातं. गांजा विकायला आपला ट्रक घेऊन निघालेल्या माणसाच्या गाडीत, कुलूप लावलेल्या ग्लव्ह-बॉक्समध्ये पिस्तूल सापडलं. अमली पदार्थांचा गुन्हा करताना जो बंदूक ‘यूज’ किंवा ‘कॅरी’ करील, त्याच्या शिक्षेत आणखी पाच वर्षांची भर, असा तिथला कायदा. ‘यूज’चा कीस आधीच पाडून झाला होता. बंदूक देऊन त्या बदल्यात कोकेन मागणाऱ्यानेही बंदूक ‘वापरली’च, असं १९९३ साली बहुमताने ठरलं. त्यावर न्या. स्कालिया यांनी असहमतीच्या निकालात विचारलं होतं, की तुम्ही काठी वापरता का, असं कुणी पुसलं तर आजोबांची चांदीच्या मुठीची काठी दिवाणखान्यात मांडून ठेवली आहे का, असा त्याचा अर्थ होतो काय? दोनच वर्षांनी न्यायालयाने हात आखडता घेतला. बंदूक नुसती जवळ असणं म्हणजे वापरणं नव्हे, असं ठरलं. मग सरकारी वकिलांनी आपला मोर्चा ‘कॅरी’कडे वळवला.

बहुमताचा निकाल न्या. ब्रायर यांचा. त्यांनी ऑक्सफर्डचा मोठा कोश काढला. त्यात ‘कॅरी’चा पहिला अर्थ वाहून नेणे, मुळात गाड्यातून, असा दिलेला. कूळ शोधत गेलं तर लॅटिनमधल्या गाड्यापर्यंत पोहोचतं. ‘कार’ आणि ‘कॅरी’ एकाच घरचे. बायबल, ‘रॉबिन्सन क्रूसो’, ‘मोबी डिक’ असे साक्षीदारही उभे केले. म्हणजे पिस्तूल गाडीतून नेलं तरी ते ‘कॅरी’च.

इथे माझं घोडं अडतं. ऑक्सफर्डचा कोश अर्थ लावतो ते वयाच्या क्रमाने. सर्वांत जुना आधी, मग त्याच्या मागून आलेले. कोशाचे संपादक जेम्स मरे आणि त्यांच्या मंडळींनी वाचकांकडून लाखो चिठ्ठ्या मागवून हा क्रम लावला, तो शब्दाचं चरित्र सांगण्यासाठी. पहिला अर्थ म्हणजे खरा अर्थ, असा त्याचा दावा कधीच नव्हता. तसं असतं तर इंग्रजीत कुणाला ‘नाइस’ म्हणणं ही शिवीच ठरली असती, कारण सातशे वर्षांपूर्वी त्या शब्दाचा अर्थ मूर्ख असा होता.

ब्रायर यांची दुसरी युक्ती मला जास्त रोचक वाटते. त्यांनी वर्तमानपत्रांच्या संगणकीय संग्रहात शोध घेतला. ‘कॅरी’, वाहन आणि शस्त्र असे तिन्ही शब्द ज्यात आहेत अशी वाक्यं काढली आणि नमुन्यादाखल काही तपासली. गाडीतून शस्त्र नेण्याचा अर्थ त्यांतल्या बहुधा एक-तृतीयांशाहून अधिक वाक्यांत निघाला. पण शोधतानाच ‘वाहन’ टाकलं होतं, तर वाहन सापडणारच की! आणि तरीही उरलेल्या वाक्यांचं काय? असहमतीचा निकाल न्या. गिन्सबर्ग यांचा. त्यांनी बायबलला बायबलनेच उत्तर दिलं, शिवाय ‘मॅश’ या दूरचित्रवाणी मालिकेतला संवाद उद्धृत केला. शस्त्राच्या संदर्भात ‘कॅरी’ म्हणजे अंगावर, हाताशी, लगेच उपसता येईल असं असणं, ही त्यांची बाजू. मला तीच पटते. पोलिसाने थांबवून ‘आर यू कॅरीइंग?’ असं विचारलं, तर तो कुलूपबंद कप्प्याबद्दल बोलत नसतो.

आपल्याकडे हा पेच फारसा पडू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ताब्यात असणं आणि ‘कॅरी’ करणं हे दोन्ही वेगवेगळे शब्द आहेत. मराठी बातमीदार तर ‘पिस्तूल बाळगल्याप्रकरणी अटक’ असं लिहून दोन्ही एकाच क्रियापदात उरकतो.

गिन्सबर्ग यांच्या त्या निकालावर १९९८ साली स्कालिया यांनीही सही केली होती. पुढे २००८ मध्ये हेलर खटल्यात नागरिकाला व्यक्तिशः शस्त्र बाळगायचा हक्क आहे, असा बहुमताचा निकाल त्यांनी लिहिला आणि घटनादुरुस्तीतल्या ‘बेअर आर्म्स’चा अर्थ लावताना ‘कॅरी’ची गिन्सबर्ग यांचीच जुनी व्याख्या आधाराला घेतली. गिन्सबर्ग तेव्हा विरुद्ध बाजूला होत्या. घटनेची ती दुरुस्ती १७९१ ची, तिच्यासाठी डॉ. जॉन्सन यांच्या कोशाची १७७३ ची आवृत्तीही धुंडाळली गेली. निकाल पुन्हा पाच विरुद्ध चार.

राहता राहिलं मस्करेलो प्रकरण. १९९८ च्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकी संसदेने कायदा दुरुस्त केला आणि ‘यूज’, ‘कॅरी’ यांच्या जोडीला तिसरा शब्द घातला: ‘पझेस’. त्याचा अर्थ लावायचं काम तिथल्या न्यायालयांना मिळालं ते वेगळंच.