तांबड्या ठिपक्यांचा नकाशा आणि आपली घरे

बर्नाबी येथील एका धम्मबंधूंच्या नव्या घराच्या गृहप्रवेशास आम्ही काही कुटुंबे जमलो होतो. बुद्धवंदना झाली, परित्राणपाठ झाला, भोजनही झाले. नंतर तळघरातील बैठकीत गेलो, तेव्हा तेथे काचेच्या कपाटात मद्याच्या बाटल्या मांडलेल्या दिसल्या. कपाटावर लंडन शहराचा एक जुना नकाशा चौकटीत लावला होता. त्यावर असंख्य तांबडे ठिपके होते. "हे ठिपके कसले?" असे एका मुलाने विचारले. "लंडनचे पब," असे उत्तर मिळाले आणि सारे हसले.

यजमानांना उणे लेखण्याचा आमचा हेतू नाही. तसे कपाट आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. परंतु त्या नकाशाचा इतिहास त्या मुलाला कोणी सांगितला नाही, म्हणून तो येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुमारे १८८६ साली लंडनच्या नॅशनल टेम्परन्स लीग या मद्यपानविरोधी संस्थेने हा नकाशा प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकच 'लंडनची आधुनिक महामारी' असे होते. दारूच्या प्रत्येक परवानाधारक दुकानासाठी एक तांबडा ठिपका! शहराच्या अंगावर जणू रोगाचे फोड उठले आहेत, असे पाहणाऱ्यास वाटावे, हा त्यामागील उद्देश. दारूविरुद्ध काढलेला हाच नकाशा आज पुनर्मुद्रित होऊन शोभेची वस्तू झाला आहे, आणि आपल्या घरी तर तो बाटल्यांच्या वर टांगला गेला आहे.

या नकाशापूर्वी, १८५४ साली, डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या सोहो भागातील पटकीच्या मृत्यूंचा नकाशा तयार केला होता. मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाभोवती एकवटले आहेत, हे त्यातून दिसले. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातील कामगार मात्र बहुतांशी बचावले, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नसत. त्यांना कारखान्यातच बिअर मिळे. डॉ. स्नो तरुणपणी मद्य घेत नसत, तरीही त्यांनी हे प्रामाणिकपणे नोंदविले. त्यांनी रोग्यांना दोष दिला नाही; विष कोठून येते ते शोधले. पंपाचा दांडा काढण्यात आला तो याच शोधामुळे.

दारूच्या प्रश्नाकडेही असेच पाहिले पाहिजे. ज्यांना स्वच्छ पाणी नाही, विसावा नाही, माणूस म्हणून मान नाही, त्यांच्या वस्तीत गुत्ता उभा करावयाचा आणि मग "ही माणसेच व्यसनी" म्हणून बोट दाखवावयाचे, ही रीत आपल्या पूर्वजांनी पुरेपूर भोगली आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. सरकारला अबकारीचा महसूल मिळतो आणि घरे मात्र रयतेची बुडतात, या सत्याची ही गोष्ट आहे. महसुलाचा मोह आजही सुटलेला नाही. महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली. अवैध दारू वाढल्याचे कारण देऊन २०२१ साली ती उठविण्यात आली.

आपण राहतो त्या भूमीचा अनुभवही बोलका आहे. ब्रिटिश कोलंबियात १९१७ ते १९२१ दारूबंदी होती. ती संपली आणि सरकारनेच दुकाने उघडली. परंतु या देशातील आदिवासींसाठी इंडियन ॲक्टखाली वेगळाच कायदा चालू राहिला. ज्या कृत्याबद्दल गोऱ्या माणसास शिक्षा नव्हती, त्याबद्दल आदिवासी माणूस गुन्हेगार ठरे. १९६९ साली ड्रायबोन्स खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेद नाकारला. जन्मावरून गुन्हा ठरविणारा कायदा म्हणजे काय, हे गुन्हेगार जमातींचा इतिहास जाणणाऱ्या आपल्या समाजास समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, कायद्याने लादलेली बंदी आणि स्वतः स्वीकारलेले शील यांत महदंतर आहे. पाचवे शील कोणा पोलिसाच्या धाकाने पाळावयाचे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे; ती मुक्त माणसाने स्वखुशीने घेतलेली प्रतिज्ञा आहे. त्याआधी १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना बजावले होते की, नवरा वा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. आज येथील आपल्या भगिनी काय करतात? शनिवारच्या बैठकीसाठी चखणा तळतात आणि रविवारी घडले ते कोणास सांगत नाहीत. गुत्ता रस्त्यावर होता तेव्हा नकाशात तरी दिसत असे. तो घरात आला आणि दिसेनासा झाला. प्रतिष्ठेच्या पडद्याआड चाललेले व्यसन वस्तीतील व्यसनाहून कमी घातक नसते.

ज्या लंडनवर ते तांबडे ठिपके आहेत, त्याच लंडनमध्ये १९२१-२२ साली बाबासाहेब १०, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते. त्या शहरात त्यांनी अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठले. आपल्या बर्नाबीतही सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. मुलाला दाखविण्यासारखी ही दोन ठिकाणे नाहीत काय?

आम्ही कोणास बहिष्कृत करू इच्छित नाही. बहिष्काराचे दुःख आपण जाणतो. आमची विनंती एवढीच आहे. जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, नामकरण, विवाह अशा आपल्या समारंभांत मद्याची 'व्यवस्था' नसावी. व्यसनात अडकलेल्या बांधवाची निंदा न करता त्यास डॉक्टरांकडे नेण्यासाठी दोन माणसे पुढे यावीत. त्याच्या पत्नीने तोंड उघडले तर "घरातले घरात ठेवा" असे तिला कोणी सांगू नये.

आणि तो नकाशा? तो भिंतीवर राहू द्यावा. फक्त त्याखालचे कपाट रिकामे करून तेथे ग्रंथ ठेवावेत, आणि पुन्हा कोणी मूल विचारील तेव्हा त्याला खरे उत्तर द्यावे.

नमो बुद्धाय! जय भीम!